जुन्या स्की-बोटीत पाणी येतंय, पण नेमकं कुठून?

तळ्यातमळ्यात

मिनेसोटात असतो. बर्फ वितळलं की इथली माणसं घरात कमी आणि तळ्यावर जास्त दिसतात. ते वारं आमच्याही अंगात शिरलं आणि तिघा मित्रांत मिळून १९८८ ची एक जुनी स्की-बोट घेतली. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: दोरी धरून स्कीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ओढते ती ही बोट. इंजिन मागे लटकवलेलं नसतं, बोटीच्या बरोबर मध्यावर खोक्यात झाकलेलं असतं. आमच्यात फोर्डचं ५.८ लिटरचं व्ही-८ आहे. त्याच्या मागून एक इंच जाडीचा शाफ्ट तिरका खाली जातो आणि तळातून बाहेर पडतो. त्याला पंखा, पंख्यामागे सुकाणू. तळ फायबरग्लासचा.

तक्रार अशी की रात्रभर धक्क्याला बांधून ठेवली तर सकाळी तळाशी मगभर पाणी असतं. पण दुपारभर स्कीइंग केलं की दोन बादल्या, म्हणजे ३५-४० लिटर सहज. पंप उपसून टाकतो, म्हणून अजून तरंगतो आहोत. शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या बुचातून, थेंब थेंब गळताना दिसतं. आधीच्या मालकाने त्याच्याभोवती सिलिकॉन थापून ठेवलंय. ते खरवडून दुसरं काही लावू का? लावायचं तर काय? कुणी हा उद्योग केलाय का?

सदाशिवपेठी

'पाणी कुठून येतंय' वाचून आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा धागा असेल म्हणून धावत आलो. तुमचं सोपं आहे. तुमच्याकडे निदान वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी नाहीत.

मालवणी_मासो

होडयेत पाणी येताच रे बाबा. येवचा नाय तर तेका होडी कशाक म्हणूचा? एक करटी ठेव आणि उपसत ऱ्हव.

चीफ_निवृत्त

तेहतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे बोट लहान असली तरी बोलतो. सिलिकॉनला आत्ता हातही लावू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या.

साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. ग्लँडमधून सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरा, आणि तो चांगलाच जास्त झाला. मिनिटाला ३ मिलिलिटर, तासाला १८०, पूर्ण दिवसाचे सव्वाचार लिटर. रात्रभरात मगभर पाणी हा हिशेब ग्लँडशी जुळतो. पण दुपारच्या चार-पाच तासांत ३५ लिटर? उभ्या बोटीत दिसणाऱ्या त्या थेंबांतून ते येणं शक्य नाही. तुमची गळती एक नाही, किमान दोन आहेत. जी डोळ्यांना दिसते ती गरीब बिचारी आहे.

तेव्हा 'कुठून' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि 'कधी' ते शोधा. १) बोट उभी, इंजिन बंद. २) बोट उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. ३) गिअर टाकून हळू. ४) पूर्ण वेगात सरळ. ५) वळणात. दर वेळी तळ कोरडा पुसून घ्या, पंपाचं ऑटोमॅटिक बटण बंद करा आणि पंधरा मिनिटांनी पाणी मापाने मोजा. नाहीतर रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

बंड्या_००७

पण पंप काढतोय ना सगळं पाणी? मग एवढा आटापिटा कशाला? अजून एक मोठा पंप टाका, विषय संपला.

चीफ_निवृत्त

@बंड्या, तुमच्यासाठी अजून एक गणित. पाण्याखाली ३० सेंटिमीटर खोलीवर एक इंचाचं भोक असेल तर त्यातून मिनिटाला ढोबळ मानाने ४५ लिटर पाणी आत येतं. अशा बोटींत जो पंप असतो त्यावर बहुधा '५०० गॅलन' लिहिलेलं असतं, म्हणजे कागदावर मिनिटाला ३२ लिटर. पाणी वर चढवून बाहेर फेकायचं, त्यात बॅटरी जुनी, मग त्याहूनही कमी. ग्लँडचा रबरी होज फाटला तर शाफ्टभोवती एवढीच वाट मोकळी होते. पंप हा पाहुणा आहे, त्याच्या भरवशावर घर सोडू नये.

पंपवाला_सांगली

बोट आयुष्यात चालवली नाही, पण ग्लँड म्हटल्यावर राहवलं नाही. विहिरीवरच्या आमच्या पंपाला पण हेच असतं. शाफ्टभोवती ग्लँड दोरीचे वेढे आणि वरून नट. नवीन माणूस पाणी गळतंय म्हणून नट आवळत जातो. दोरी कोरडी पडते, तापते, जळते, आणि शाफ्टला खाचा पडतात. मग कितीही नवीन दोरी भरा, खाचेतून पाणी येणारच. चालू पंपाची ग्लँड थोडी पाझरलीच पाहिजे, तेच तिचं वंगण आणि तीच तिची थंडाई. त्यावर सिलिकॉन थापणारा माणूस कोण होता त्याला एकदा बघायचंय.

चीफ_निवृत्त

पंपवाले, अगदी हेच. जहाजावर काय आणि विहिरीवर काय, ग्लँडचा धर्म एकच. तळ्यातमळ्यात, बोट उभी असताना जवळपास कोरडी आणि शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब, एवढं ठेवा. थोडं चालवून झाल्यावर इंजिन बंद करा आणि ग्लँडला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर जास्त आवळली आहे. शाफ्ट फिरत असताना हात, बाही, मफलर काहीही जवळ नेऊ नका.

रश्मी_क

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, लेक नॉर्मनवर. जुन्या बोटीबरोबर बऱ्याच वर्षांचा संसार. चीफसाहेबांच्या यादीत एक भर. या इंजिनांना रेडिएटर नसतो. तळातून तळ्याचं पाणी आत ओढलं जातं, गिअरबॉक्सच्या कूलरमधून पंपाकडे, तिथून इंजिनात फिरतं आणि शेवटी धुराबरोबर जाड रबरी होजमधून मागे बाहेर पडतं. म्हणजे इंजिन चालू असताना बरंच पाणी बोटीच्या आतल्या आत फिरत असतं. एखादा क्लॅम्प ढिला असेल तर 'गळती' तळाला नसून नळात असते, आणि इंजिन बंद केलं की पुरावा गायब.

मागचा एक्झॉस्ट होज गळत असेल तर त्यातून नुसतं पाणी येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला वास नसतो. मुलं मागच्या सीटवर बसतात, म्हणून हे आधी तपासा. शिवाय झाकण उघडून पेट्रोलचा वास घ्या आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनच्या खोक्यातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवा. टॉर्च घेऊन तळात डोकं घालणारे लोक हे हमखास विसरतात.

आणि हो, स्की करून वर येणारा माणूस, भिजलेलं लाइफ जॅकेट, दोरी हे सगळं मिळून किती पाणी आत आणतं तेही एकदा बघा. आमच्याकडे तीन मुलं आणि एक कुत्रा. निम्मी गळती त्यांचीच निघाली.

सदाशिवपेठी

कुत्र्याला कुठलं सिलिकॉन लावलंत?

तळ्यातमळ्यात

चीफ, शनिवारी तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. उभी असताना: थेंब, मापात भरत नाही. इंजिन चालू, न्यूट्रल: तेवढंच. वेगात सरळ: साधारण दोन लिटर. मग मित्राने स्कीअरला उचलायला जातात तशी गोल गोल वळणं घेतली आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ चार लिटर! म्हणजे वळणात काहीतरी आहे.

रश्मीताई, एक्झॉस्ट ट्रेलरवरच तपासला. इथे एक रबरी वाटीसारखी वस्तू मिळते, तळाच्या पाणी ओढायच्या तोंडाला बाहेरून टेकवायची आणि बागेचा पाइप जोडायचा. बोट जमिनीवर, इंजिन चालू. होज, मफलर, पंप सगळीकडे कोरडा टिश्यू पेपर फिरवला. भिजला नाही. ते प्रकरण निकालात.

एक वेगळीच गोष्ट दिसली. इंजिनच्या खोक्याच्या आतून जो फोम लावलाय, त्यावर बरोबर ग्लँडच्या रेषेत दोन्ही बाजूंना आणि वर तपकिरी पट्टा उमटलाय. तीन बोटं रुंद, फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ, आणि हात लावला तर गंजाची भुकटी बोटाला लागते. हे काय?

चीफ_निवृत्त

शाफ्ट फिरताना ग्लँडमधलं पाणी चक्राकार उडवतोय, त्याची सही आहे ती. उभ्या बोटीत थेंब दिसतो, तीन हजार आरपीएमला त्याचा फवारा होतो. सरळ जातानाचे दोन लिटर बहुतेक इथले. दोरी बदला. वळणातलं पाणी मात्र वेगळं आहे. मला सुकाणूचा संशय येतो.

अनघा_वाचक

मला बोटीतलं ओ की ठो कळत नाही, तरी धागा एका बैठकीत वाचला. एक शंका: पाण्यावर स्की करायची ही कल्पना मुळात कुणाच्या डोक्यातून आली?

तळ्यातमळ्यात

अनघाताई, ती आमच्याच राज्यातली. १९२२ चा उन्हाळा, लेक सिटी गाव, लेक पेपिन. मिसिसिपी नदीच तिथे फुगून तळं झाली आहे. राल्फ सॅम्युअलसन नावाच्या मुलाला वाटलं की बर्फावर स्की चालते तर पाण्यावर का नाही? आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फाची स्की, दोन्ही बुडाल्या. शेवटी आठ फुटी, नऊ इंच रुंद फळ्या आणल्या, त्यांची टोकं घरच्या कपडे उकळायच्या हंड्यात उकळून वाकवली. भाऊ बेन बोट चालवायला. २ जुलैला उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. पेटंट काही घेतलं नाही, ते १९२५ साली दुसऱ्याच एकाने नेलं.

बंड्या_००७

आईने हंड्याबद्दल काय म्हटलं ते इतिहासात नाही का?

मालवणी_मासो

आता सरळ बोलतो, मघाशी मस्करी केली. आमच्याकडे जुन्या लाकडी होड्या होत्या तेव्हाची गोष्ट निराळी. पावसाळ्यात वर काढलेली होडी सुकते, फळ्या आक्रसतात. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटली की पहिले एक-दोन दिवस ती गळणारच. सगळ्यांना माहीत असतं, कुणी घाबरत नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपसूक बंद होतात. त्याआधी फटींत कापूस ठोकून वरून राळ आणि तेल. म्हणून जुनी माणसं म्हणायची, थांब जरा, आपोआप राहील.

फायबरला हे लागू नाही. फायबर फुगत नाही, सुधारत नाही. आज वाटीभर आलं तर पुढच्या महिन्यात तांब्याभर. आमच्या तारकर्लीच्या बाजूच्या वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी आता सगळ्या फायबरच्या, वाळूवर आपटून आपटून तळाला केसासारख्या चिरा जातात. आम्ही पोरांना शाई दिली. बोट उलटी करायची, पातळ केलेली शाई तळावर ओतायची आणि लगेच ओल्या फडक्याने पुसायची. चीर असेल तिथे शाई राहते.

शिरीष_मिशिगन

शाईची युक्ती झकास. मी याच्या उलटं करतो: बोट ट्रेलरवर ठेवून आतून पाणी भरतो आणि खाली झोपून कुठून ठिबकतं ते पाहतो. तळात दोन-तीन इंच पुरतं. थोडा खायचा रंग घातला तर अजून स्पष्ट. शाफ्ट, सुकाणू, तळाखालच्या छोट्या फिन्सचे बोल्ट, पंख्याला धरून ठेवणाऱ्या स्ट्रटचे बोल्ट, पाणी ओढायचं तोंड, एवढे सगळे एका झटक्यात कळतात.

आणि सापडलं की थ्रीएम कंपनीचं ५२०० नावाचं सीलंट लावा. आयुष्यभर बघायला नको.

चीफ_निवृत्त

शिरीष, पाणी भरताना जपून. लिटरला एक किलो. शंभर लिटर म्हणजे दोन माणसं तळावर नाचवल्यासारखं, आणि ट्रेलरचा आधार चार ठिकाणीच असतो. स्टार्टर आणि गिअरबॉक्स बुडेल इतकं तर मुळीच नको.

५२०० बद्दल मतभेद. तो गोंद आहे, सीलंट म्हणून विकला जातो इतकंच. पुन्हा कधीही सुटणार नाही अशा जोडाला तो उत्तम. पण फिनचा बोल्ट उद्या काढावा लागला तर बोल्टबरोबर फायबरचा पोपडा येतो. काढघाल होणाऱ्या भागांना त्यांचंच ४२०० पुरेसं आहे. आणि सिलिकॉन पाण्याखाली कुठेही नको. ते नीट धरत नाही, शिवाय त्याचा असा तेलकट पापुद्रा मागे राहतो की त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही.

शिरीष_मिशिगन

चीफ, तुमच्या जहाजाला दर काही वर्षांनी ड्राय डॉक मिळतो. आम्हाला मिळतो फक्त शनिवार. मी ५२०० च लावणार. 😀

पंपवाला_सांगली

दोरी बदलताना दोन-तीन गोष्टी. जुनी दोरी पूर्ण काढा, एकही वेढा आत राहता कामा नये. आकड्याने ओढली की येते. नवी दोरी शाफ्टवर गुंडाळून मापाने तिरकी कापा, टोकाला टोक भिडलं पाहिजे. लांबच लांब दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून कोंबायची नाही, प्रत्येक वेढा वेगळा. आणि जोड एकावर एक येऊ देऊ नका, तीन वेढे असतील तर तीन बाजूंना फिरवून बसवा. नट आधी नुसता हाताने. दोरी कितीची लागते तुम्हाला?

तळ्यातमळ्यात

पाव इंच.

पंपवाला_सांगली

म्हणजे दोन सुताची. अमेरिकेत पण सूतच चालतं की!

चीफ_निवृत्त

दोरी घालताना शाफ्ट आणि इंजिन जोडणारं कपलिंगही सोडून बघा. दोन तोंडांमध्ये चारी बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवा. तीन थाउपेक्षा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक असेल तर इंजिनचे माउंट जुळवून घ्या. शाफ्ट वाकडा फिरत असेल तर नवी दोरी एका मोसमात खाऊन टाकेल. हे पाण्यात असताना करायचं, कारण ट्रेलरवर बोटीचा आकार किंचित बदलतो. कपलिंग सोडल्यावर शाफ्ट मागे सरकू शकतो, कुणाला तरी धरायला बसवा.

तळ्यातमळ्यात

सापडलं!

मागची सीट आणि पेट्रोल टाकीच्या मागचं फळकूट काढलं. तळ कोरडा पुसला आणि सुकाणूच्या आजूबाजूला सगळीकडे बेबी पावडर भुरभुरली. मित्राला बोट चालवायला सांगून मी टॉर्च घेऊन आडवा. (रश्मीताई, ब्लोअर चालू, सगळ्या खिडक्या-झाकणं उघडी.) सरळ जाताना पावडर तशीच पांढरी. उजवं वळण घेतलं आणि सुकाणूचा दांडा जिथून वर येतो त्या नटाच्या डाव्या बाजूने पिचकारी सुटली. नुसती ओल नव्हे, सुतळीएवढी धार, टाकीच्या बुडावर आदळणारी. वळण संपलं की बंद. पावडरमधून एक काळी वाट तयार झाली, ती फायबरच्या खाचेतून सरळ पुढे इंजिनखाली. म्हणून इतके दिवस पाणी पुढे दिसायचं आणि सगळे ग्लँडकडे बघत बसायचे.

नट हाताने फिरला. आतली दोरी कोरडी, भुसा झालेली.

चीफ_निवृत्त

पंख्याचं सगळं पाणी सुकाणूवर आदळतं, आणि वळणात सुकाणू एका बाजूला रेटलं जातं. दांडा झिजलेल्या बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या नळीत) कलतो आणि फट उघडते. दोरी बदलाच, पण दांडा हाताने हलवून बघा. हातात खेळ जाणवला तर नुसती दोरी पुरणार नाही, बुशही गेला आहे. ग्रीस निपल असेल तर ग्रीस भरा.

रश्मी_क

अभिनंदन! आता वाईट बातमी. इतकी वर्षं ते पाणी खाली जाऊन बसलं कुठे? जुन्या बोटींत तळाच्या आत लांबीने लाकडी तुळया असतात, स्ट्रिंगर म्हणतात त्यांना, फायबरमध्ये गुंडाळलेल्या. इंजिन त्यांच्यावरच बसलेलं असतं. मधल्या पोकळीत फोम. पाणी मुरलं की फोम ओला राहतो आणि लाकूड कुजतं, वरून मात्र सगळं छान दिसतं. इंजिन माउंटचे बोल्ट आवळून बघा. नुसतेच फिरत राहिले तर समजा. ट्रकच्या वजनकाट्यावर बोट नेऊन वजन करा आणि मूळ माहितीपत्रकाशी ताडून बघा. ट्रेलर आणि पेट्रोल वजा करायला विसरू नका.

तळ्यातमळ्यात

इंजिन माउंटचे बोल्ट घट्ट आहेत. वजनकाट्यावर न्यायला वेळ मिळाला नाही, पण तुळईला पाव इंची ड्रिलने तीन ठिकाणी भोकं पाडली. पुढची दोन: पिवळा, कोरडा भुसा, लाकडाचा वासही येतो. स्ट्रटच्या बोल्टांजवळचं: ड्रिलच्या खाचेत चॉकलेटी चिखल. बोटाने दाबला तर पाणी सुटलं.

दोन्ही दोऱ्या बदलल्या. रविवारी दुपारभर चालवली, वळणंही घेतली. शेवटी स्पंजने टिपण्याइतकं पाणी, त्यात मुलांचे ओले पाय धरून. फोमवरचा तपकिरी पट्टा पुसून ठेवलाय, पुन्हा उमटला तर कळेल.

प्रश्न आता हा: स्ट्रटजवळची जागा हिवाळ्यात उघडावी की लगेच? मोसम ऑगस्टअखेरपर्यंत आहे.

शिरीष_मिशिगन

हिवाळ्यात. स्ट्रटचे बोल्ट काढा, भोकं मोठी करा, कुजकं लाकूड खरवडून काढा, महिनाभर हीटरजवळ सुकू द्या, इपॉक्सीने भरा आणि त्यातच नवीन भोक पाडा. म्हणजे पुन्हा बोल्ट गळला तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. तोपर्यंत चालवा.

चीफ_निवृत्त

मी नाही चालवणार. स्ट्रट सैल झाला तर फिरता शाफ्ट डगमगतो, ग्लँडचा होज फाटतो, आणि मग बंड्याचा पंप. एक तपासणी करा. बोट ट्रेलरवर असताना पंख्याजवळ शाफ्ट धरून जोरात वर-खाली, आडवा हलवा, आणि दुसऱ्या माणसाने स्ट्रटच्या बुडाशी बोट ठेवून बघावं. बोटाखाली तळ आणि स्ट्रट यांच्यात केसभरही हालचाल लागली तर मोसम संपला. नाही लागली तर शिरीष म्हणतो तसं करा, पण दर आठवड्याला हेच तपासा, आणि स्कीअर मागे असताना एक माणूस तळावर नजर ठेवून.

तळ्यातमळ्यात

संध्याकाळी दोघांनी मिळून हलवून बघितलं. हालचाल नाही. मी हळू चालवायच्या बाजूने आहे, तिसरा भागीदार मात्र आजच ट्रेलरवर चढवा म्हणतोय.

पंपवाला_सांगली

तिसऱ्याचं ऐका.

मालवणी_मासो

तिसऱ्याक पोहूक येता काय, ता आधी इचार.